चित्रकलेच्या तासाचं एक वर्ष : कुडाळ तालुक्यातली आमची शाळा

शाडूची_माती

रामराम मंडळी. पाचवी ते आठवीच्या मुलांना शाळेत कला म्हणून नेमकं काय शिकवतात, असं इथे मागे कुणीतरी विचारलं होतं. तेव्हा दोन ओळी लिहून थांबले होते. आता जून ते एप्रिल असं अख्खं वर्ष हाताखालून गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

मी कुडाळ तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकलेच्या आठवड्याला दोन तासिका, संगीताची एक. याआधी ज्या शाळेत होते तिथे माझ्या दोनपैकी एक तासिका ‘गणिताचा पोर्शन मागे पडलाय’ म्हणून कायम जायची आणि मी स्टाफरूममध्ये बसून दुसऱ्यांच्या वह्या तपासायचे. इथे आल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी जूनच्या पहिल्याच सभेत सांगितलं की कलेची तासिका कुणी मागायची नाही आणि कलाशिक्षकांनी ती कुणाला द्यायची नाही. त्यांनी हे वर्षभर पाळलं. वार्षिक परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यातसुद्धा पाळलं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीमुळे झालं, असं मला मनापासून वाटतं.

श्रावण लागला की आमच्या वर्गातली चार-पाच मुलं दुपारनंतर दिसेनाशी होतात. बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडे गणपती जिथे घडवतात त्या जागेला ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. मुलं एका शाळेतून उठून दुसऱ्या शाळेत जातात. यंदा आठवीतला एक मुलगा सलग तीन दिवस आला नाही. हा माझ्या तासाला कोऱ्या कागदाकडे बघत बसणारा. ‘माका चित्र येणत नाय’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मीच त्याला शोधत गेले.

पडवीत साठेक मूर्ती रांगेने मांडलेल्या. हा एका कोपऱ्यात बसून जुन्या फुटक्या मूर्तीच्या तोंडावर डोळ्यांची आखणी गिरवत होता. डाव्या हाताची मूठ गुडघ्यावर टेकवलेली, त्या मुठीवर उजवं मनगट, हातात चार-सहा केसांचा ब्रश. आधी श्वास सोडला. मग श्वास थांबवून नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडे एका दमात रेघ ओढली. सुरुवातीला जाड, मधे भरलेली, शेवटी केसासारखी. मग ओल्या फडक्याने पुसली आणि परत ओढली. मी उभी होते तेवढ्या वेळात सात-आठ वेळा. खऱ्या मूर्तीचे डोळे अजून त्याच्या हाती देत नाहीत, पीतांबराचे काठ देतात. मूर्तिकार काका म्हणाले, ‘बाई, दोन वर्सां तरी जावूक व्हयी.’

दुसऱ्या दिवशी त्याला मी वर्गात फळ्यापुढे बोलावलं आणि म्हटलं, आज तू शिकव. रेघ कशी सोडायची, मनगट कुठे टेकवायचं, पाणी किती. अर्धा तास त्याने शिकवलं. मी मागच्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर रेघा ओढल्या. हातात ब्रश धरून मला वीस वर्षं झाली, पण श्वासाची ती गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती.

यावरून वर्षाची दिशा ठरली. मुलांच्या घरी, वाडीत, देवळात जे हाताने होतं ते आधी वर्गात आणायचं, मग पुस्तकातलं. गणपतीत माटवीला (गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या लाकडी चौकटीला) बांधायला रानातनं आणलेली कवंडळं, शेरवडं, सुपारीचे घड हे आमचं स्मरणचित्राचं साहित्य झालं. घरी गणपतीच्या पाठची भिंत दरवर्षी रंगवतात, ती भिंत कुणी कशी रंगवली याचा एक अख्खा तास झाला.

दिवाळीनंतर सातवीत गंजिफा घेतला. सावंतवाडीचा गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात १० अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगात १२ पत्ते (१ ते १० आकड्यांचे, शिवाय राजा आणि प्रधान), एकूण १२०. सातवीत मुलं ४०. प्रत्येकाच्या वाट्याला बरोब्बर तीन पत्ते! मूळ कारागिरी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर लाखेची चकाकी देऊन करतात. आम्ही जुन्या लग्नपत्रिका गोल कापून दोन-दोन चिकटवल्या. खळ मात्र चिंचोक्याचीच शिजवली, शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीवर, ताईंना विनंती करून.

खरी गंमत आकड्यांच्या पत्त्यांत आली. मत्स्याचा सत्ता काढायचा म्हणजे एका वर्तुळात सात मासे बसवायचे. कंपासात तीच त्रिज्या ठेवून परिघावर खुणा केल्या की सहा खुणा नेमक्या बसतात. सहा मासे कडेला, सातवा मधे. हे एका मुलीने आपणहून शोधलं आणि ती वर्गात ओरडलीच. ज्या मुलांना ‘कर्तव्यभूमिती’ हा शब्द ऐकून घाम फुटतो त्यांनी दोन आठवडे कंपास खाली ठेवला नाही.

आठवीने सावल्यांच्या बाहुल्या केल्या. कुडाळपासून पिंगुळी अगदी जवळ. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या तुम्हाला ऐकून माहीत असतील. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. डिसेंबरात मुलांना तिथे घेऊन गेलो. चित्रकथीच्या एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात. चित्रं एकेक करून पुढे धरायची आणि कथा गात सांगायची. माणसांचे चेहरे एका बाजूने काढलेले, डोळे मात्र टपोरे, पूर्ण. आमचा आखणीवाला मुलगा त्या डोळ्यांपुढून हलेना.

परत आल्यावर कार्डशीटच्या बाहुल्या कापल्या, हातापायांचे सांधे दोऱ्याच्या गाठीने जोडले, बांबूच्या काड्या लावल्या. पांढरं धोतर ताणून पडदा, मागे बल्ब. आणि पहिल्या तालमीला सगळ्या बाहुल्या काळ्याकुट्ट दिसल्या! चार दिवस खपून रंगवलेला लाल शालू, हिरवा शेला, काहीच दिसेना. मुलांची तोंडं उतरली. चूक माझी होती. पोस्टर कलर जाड बसतो, त्यातून उजेड पार होत नाही. मग पातळ ड्रॉइंग पेपरवर नव्याने काढून पाण्यासारख्या पातळ शाईने रंगवलं आणि पाठीमागून खोबरेल तेल चोळलं. कागद मेणकापडासारखा पारदर्शक झाला. दिवा लावला तेव्हा धोतरावर लाल रंग उमटला आणि खोलीभर खोबरेलाचा वास. स्नेहसंमेलनात पंचवीस मिनिटांचा खेळ झाला.

आता आमच्या मंडळींबद्दल, कारण ते लिहिल्याशिवाय हे वर्ष पुरं होत नाही.

संगीताच्या सरांनी यंदा गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण केली. वय ४९. मधे घरच्या अडचणींनी अकरा वर्षं खंड पडला होता. मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीचं दार लोटून रियाज करायचे. मुलं दाराबाहेर चपला न वाजवता जायची, कुणी सांगितलं नव्हतं. मराठीच्या बाई सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) पास झाल्या. कार्यानुभवाच्या सरांनी दोन दिवस स्वतः बसून बाहुल्यांसाठी ऐंशी काड्या तासून दिल्या.

आणि आमचे शिपाईकाका. ते हौशी दशावतार मंडळात (दशावतार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य) गेली बावीस वर्षं संकासुर, म्हणजे त्यातला राक्षस, करतात. जत्रांच्या दिवसांत रात्रभर दहिकाला (दशावताराचा खेळ), पहाटे घरी, आणि साडेदहाला घंटा द्यायला हजर. यंदा मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना परिपाठानंतर दोन तास दिले. काकांनी वर्गात मुलांसमोरच तोंडाला रंग लावला, संकासुराचा काळा वेश चढवला आणि सांगितलं की आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते; आख्यान ठरतं, कुणाचं पात्र कोणतं ते ठरतं, बोलणं जागेवर. मग सहावीच्या मुलांकडून दहा मिनिटांचं आख्यान करून घेतलं. पायपेटीला संगीताचे सर, पखवाजाला नववीतला एक मुलगा. २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. बावीस वर्षांत शाळेने केलेला पहिला. त्या दिवशीसुद्धा घंटा त्यांनीच दिली.

एलिमेंटरीला (चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षांतली पहिली) आठवीची १४ मुलं बसली. ए ३, बी ६, सी ५. आखणीवाल्याला बी मिळाला. स्मरणचित्रात त्याने गणपतीची शाळाच काढली होती.

---

तळकोकणी

बाईंनू, डोळ्यांत पाणी इला वाचून. मुंबैत २६ वर्सां झाली, तरी गणपतीच्या पाठची भिंत मीच रंगवतंय, चार दिवस आधी जावन. आमचे आजोबा काव आणि चुनो घेवन कमळां काढीत. त्यांनी शाळेत चित्रकलेचो तास कधी बघूक नाय.

संकासुराच्या सत्काराबद्दल मुख्याध्यापिका बाईंना माझा नमस्कार सांगा.

---

कंपासपेटी

सुरेख धागा! गणित शिकवते, त्यामुळे गंजिफ्याशी अडखळले. सत्ता समजला. पंजाचं काय केलंत? वर्तुळाचे पाच समान भाग सातवीच्या मुलांना कंपासने जमले?

---

शाडूची_माती

@कंपासपेटी, पंजावर दोन तट पडले. एका गटाने चार मासे कडेला आणि एक मधे बसवला, साध्या पत्त्यांतल्या पंजासारखा. दुसऱ्या गटाला पाचही कडेला हवे होते. त्यांना आधी कोनमापकाने ७२ अंश मोजू दिले. मग कंपासची रीत दाखवली: एकमेकांना लंब असे दोन व्यास काढायचे, आडव्या व्यासाच्या एका त्रिज्येचा मध्य काढायचा, तिथे टोक ठेवून वरच्या बिंदूपर्यंत कंपास उघडायचा आणि आडव्या व्यासावर छेद घ्यायचा. वरच्या बिंदूपासून त्या छेदापर्यंतचं अंतर म्हणजे पंचकोनाची बाजू. ४० पैकी नऊजणांना जमलं. नऊ पुष्कळ झाले की! ‘हे असंच का येतं?’ असं दोघांनी विचारलं, त्यांना तुमच्यासारख्या गणिताच्या बाईंकडे धाडलं.

---

आठवीचा_बाबा

मनापासून विचारतोय, राग मानू नका. माझी मुलगी आठवीत आहे. आमच्याकडे सगळे पालक ग्रेड परीक्षांकडे दहावीच्या वाढीव गुणांसाठी बघतात. इंटरमिजिएटला (एलिमेंटरीच्या पुढची परीक्षा) ए मिळाला की ७, बीला ५, सीला ३. क्लासवाले तर तयार स्मरणचित्रं पाठ करून घेतात. मग गंजिफा, बाहुल्या यात वेळ घालवून मुलांचा तोटा होत नाही का?

---

शाडूची_माती

@आठवीचा_बाबा, राग कसला, हा प्रश्न पालकसभेत दरवर्षी येतो. गुण महत्त्वाचे आहेत, गरिबाघरच्या मुलाला तर जास्तच. म्हणून जुलैपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास मी परीक्षेची तयारी घेते, विनामूल्य. वस्तुचित्र, छायाभेद, अक्षरलेखन सगळं रीतसर.

पाठ केलेल्या स्मरणचित्रांना मात्र माझा ठाम विरोध आहे. ‘बाजार’ विषय आला की ठरलेली छत्री, ठरलेली टोपली, ठरलेली पाठमोरी बाई. आमच्या मुलांनी कुडाळचा बुधवारचा बाजार काढला तेव्हा एकाने ताडपत्रीखाली साठलेल्या पाण्याचा फुगा आणि तो काठीने वर ढकलणारा दुकानदार काढला. ते त्याने पाहिलेलं होतं. मुलीला शनिवारी तयारीला बसवा आणि रविवारी बाजारात न्या, वही बरोबर द्या.

---

वऱ्हाडातली_मास्तरीण

वाचून आनंद झाला आणि पोटात तुटलंही. आमच्या शाळेत सहावी ते आठवीची १३२ मुलं आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९च्या अनुसूचीत स्पष्ट आहे की या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. आम्हाला दोन वर्षांपासून कलेसाठी कुणी नाही. मी विज्ञानाची, पण चित्रकला माझ्याकडे. कलेचं मूल्यमापन सगळं आकारिक (वर्षभराच्या वर्गकामावरून), लेखी पेपर नाही, त्यामुळे वर्गात काही झालं नाही तरी नोंदवहीत श्रेणी भरली जाते. मीही भरल्या आहेत. त्याचं मला वाईट वाटतं.

माझ्यासारखीने, जिला स्वतःला चित्र येत नाही, काय करावं ते सांगाल का?

---

शाडूची_माती

ताई, तुमच्या गावात हाताने काही करणारं कोण आहे ते मुलांनाच विचारा. पोळ्याचे मातीचे बैल कोण करतं, झडत्या कोण म्हणतं, भुलाबाईची गाणी कुणाच्या आजीला येतात. त्या माणसाला वर्गात बोलवा आणि तुम्ही मुलांबरोबर शिकायला बसा. तुम्ही विज्ञानाच्या, तर पानाचं निरीक्षण करून चित्र काढणं हे तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं शिकवाल. पानाच्या शिरा मोजल्याशिवाय काढायच्या नाहीत, एवढा एकच नियम ठेवा. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझं वर्षभराचं टिपण पाठवते.

---

पेटीवाला

सरांना साष्टांग दंडवत. मी मध्यमा पूर्णला थांबलो, मग नोकरी, मग राहूनच गेलं. अकरा वर्षांच्या खंडानंतर गळा पुन्हा लावणं काय असतं ते मला माहीत आहे. सुरुवातीचे सहा महिने स्वतःचा आवाज ऐकवत नाही. त्यांना विचारून सांगाल का, कुठून सुरुवात केली?

---

शाडूची_माती

@पेटीवाला, विचारलं. म्हणाले, ‘पहिले तीन महिने फक्त षड्ज. तंबोऱ्यावर वीस मिनिटं, बास. मग भूप.’ आणि असंही म्हणाले की तुम्ही पेटी काढून पुसून ठेवा, बाकी आपोआप होतं.

---

जुना_पुणेकर

चित्रकथी म्हटलं की राजा दिनकर केळकर संग्रहालयातली चित्रं आठवतात. लहानपणी वडील घेऊन गेले होते.

एक शंका आहे. पिंगुळीची कला ठाकर समाजाने पिढ्यानपिढ्या जपली, बहुतेक काळ हलाखीत. आता ती शाळाशाळांतून ‘उपक्रम’ म्हणून होते. मूळ कलाकारांच्या हाती त्यातून काय पडतं? नाव सगळ्यांना कळतं, पण पोट भरतं का?

---

शाडूची_माती

@जुना_पुणेकर, हा प्रश्न मलाही छळतो, म्हणून आम्ही जे केलं तेवढंच सांगते. शिकवायला आलेल्या कलाकारांना मानधन दिलं, प्रवासखर्च वेगळा. पैसे पालक आणि माजी विद्यार्थ्यांनी जमवले. मुलांनी केलेल्या बाहुल्या विकायच्या नाहीत, असं आधीच ठरवलं. विकत घ्यायच्या तर मूळ कलाकारांकडून. खेळाच्या सुरुवातीला निवेदनात ही कला कुणाची, हे मुलांनी सांगितलं.

ते सांगणारी मुलगी ठाकर समाजातलीच होती. तिचे आजोबा पोथी सांगायचे, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं, तिने कधी सांगितलंच नव्हतं. बाहुल्या सुरू झाल्यावर एक दिवस ती पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं एक चित्र घेऊन आली. कडा झिजलेल्या, मधे घडी पडून रंग उडालेला. रथ होता आणि सारथ्याचा अर्धा चेहरा. वर्गातल्या सगळ्या मुलांनी हात धुऊन, एकेक करून पाहिलं. तिने कुणाला हात लावू दिला नाही आणि मीही लावला नाही.

---

आठवीचा_बाबा

हे वाचून रविवारी मुलीला बाजारात घेऊन गेलो. सुरीला धार लावणारा माणूस तिने काढला. चाकातून उडणाऱ्या ठिणग्या कशा दाखवायच्या हे जमेना म्हणून रडवेली झालीय. काय सांगू तिला?

---

शाडूची_माती

ठिणग्या काढायच्याच नाहीत. मागचा भाग गडद करायचा आणि ठिणग्यांच्या जागी कागद कोरा सोडायचा. मेणाच्या पांढऱ्या खडूने आधी रेघा मारून वरून जलरंग फिरवला तरी चालेल, मेणावर रंग धरत नाही. चित्र झालं की इथे नक्की दाखवा.

---

न्यूजर्सीची_आई

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत हा सावल्यांचा खेळ करायचा आहे. मुलं दहा ते तेरा वयाची. तेल किती लावलं? कागद फाटत नाही का? आणि बल्ब किती अंतरावर?

---

शाडूची_माती

अरे वा, जरूर करा! कापसाच्या बोळ्याने अगदी थोडं तेल, फक्त पाठीमागून, रंग पूर्ण वाळल्यावर. रात्रभर वर्तमानपत्रात दाबून ठेवा, जास्तीचं तेल टिपलं जातं. सांध्यांच्या जागी तेल लावायच्या आधी आतून चिकटपट्टी लावा, नाहीतर दोरा कागद कापतो. आमच्या दोन रावणांचे हात खेळ चालू असताना गळले. बाहुली पडद्याला टेकवूनच धरायची, लांब गेली की पुसट होते. बल्ब पडद्यापासून चारेक फूट मागे आणि खेळवणाऱ्यांच्या डोक्याच्या वर, म्हणजे त्यांच्या सावल्या पडद्यावर येत नाहीत. मुलांना सुती कपडे घालायला सांगा आणि बल्बजवळ कागद जाऊ देऊ नका, तेलकट कागद पटकन पेटतो.

---

तळकोकणी

बाईंनू, पुढचो खेळ कधी? गावाक येवचा ठरवतंय, पोरांका घेवन.

---

शाडूची_माती

या की! यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी करायचा विचार आहे, तेव्हा अंधार लवकर पडतो. आखणीवाला नववीत गेलाय, पण बाहुल्यांचे डोळे तोच काढणार आहे, तसं त्याने आधीच सांगून ठेवलंय. सतरंजीवर पुढची जागा हवी तर सहाच्या आत या, शिपाईकाका घंटा दिली की दार लावतात.